यादीखाली माझं नाव

कर्टिसने पुठ्ठ्याचा रेडिएटर केला, त्या दिवसापासून मला तो माणूस बघवेनासा झाला. आधी फार बघवत होता अशातला भाग नाही. माझी बायको कॅरिन मला सोडून गेली आणि दोन वर्षांनी तिने त्याच्याशी लग्न केलं, तेव्हा मी काही त्याला ओवाळायला जाणार नव्हतो. पण तोवर निदान एक गोष्ट फक्त माझी होती. पाण्यावर थंड होणारे कॉम्प्युटर आमच्या डलूथ शहरात कोण बांधतं, असं कुणी विचारलं की लोक माझं नाव सांगायचे. कर्टिस शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारायचा. पेचकस कुठल्या बाजूने धरतात हे त्याला माझ्या मुलीने शिकवलं असणार.

माझी मुलगी लिनिया. सतरा वर्षांची. दोन उन्हाळे तिने तळ्याकाठच्या दुकानात धुरी दिलेले मासे कागदात गुंडाळले आणि त्या कमाईतून स्वतःचं मशीन बांधायचं ठरवलं. तिला हलती चित्रं काढायचा नाद आहे, आणि जुनं मशीन दहा मिनिटांत तापून बंद पडायचं. जानेवारीत तिचा फोन आला.

“डॅड, मी पाण्याचं मशीन बांधतेय.”

मी फोनवर बोलता बोलताच अंगात जॅकेट घालायला लागलो होतो.

“कर्टिस आणि मी यादी करतोय,” ती म्हणाली. “झाली की तुला पाठवते. शेवटची नजर तू टाक.”

एक बाही घातलेली, एक लोंबतेय, असा मी दारात उभा राहिलो. कर्टिस आणि मी. तिला पहिला पंप मी दाखवला होता, ती पाच वर्षांची असताना. आणि आता मला शेवटची नजर टाकायला मिळणार होती. लग्नाच्या जेवणात शेवटच्या पंगतीला बसवतात, तसं.

शेवटच्या नजरेचं काय ते सांगतो. अशी मशीन बांधणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे, शनिवारी सकाळी ल्यूथरन चर्चच्या तळघरात जमणारं. तिथला नियम एकच. दुसऱ्या माणसाने यादी वाचल्याशिवाय कुणी एक स्क्रूसुद्धा मागवायचा नाही. मशीनचे भाग वीस ठिकाणांहून येतात आणि एकमेकांत बसतील याची हमी कुणीच देत नाही. कॅबिनेटमध्ये पाणी गार करणारा रेडिएटर मावतो, पण त्याला पंखे लावले की रॅमवर आपटतो. ग्राफिक्स कार्डावर बसवायचा, आतून पाणी खेळवणारा तांब्याचा ठोकळा त्याच कार्डाचा असतो, पण कंपनीने मधेच बोर्ड बदललेला असतो. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण आपला त्या वस्तूवर जीव जडलेला असतो. म्हणून दुसऱ्याने वाचायचं आणि खाली आपलं नाव लिहायचं. नाव लिहिलं की जबाबदारी आली. गेल्या अकरा वर्षांत मी शंभरावर याद्या वाचल्या असतील. त्यांतल्या निम्म्या परत पाठवल्या. मंडळात मला ‘नाही म्हणणारा लाइल’ म्हणतात, आणि मला ते आवडतं.

तर तो पुठ्ठा. एका रविवारी लिनियाला सोडायला मी कॅरिनच्या घरी गेलो. बर्फ झटकून आत पाऊल टाकलं, तर जेवणाच्या टेबलावर नवंकोरं रिकामं कॅबिनेट आणि त्यात नाश्त्याच्या डब्यांचा पुठ्ठा कापून केलेला रेडिएटर. कोपरे नीट, पंख्यांची भोकं पेन्सिलीने गोल काढलेली. बाजूला पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड, पुठ्ठ्याचा पंप.

“लाइल, बरं झालं आलास,” कर्टिस म्हणाला. तो कुणाशीही असाच बोलतो, जणू समोरचा माणूस येणार म्हणून सकाळपासून वाट बघत होता. “वर तीस मिलिमीटर जाडीचा बसेल ना? पंखे धरून पंचावन्न होतात.”

“पुठ्ठा दबतो,” मी म्हणालो. “धातू दबत नाही.”

“म्हणून तर त्याने तीन थर चिकटवलेत, डॅड,” लिनिया म्हणाली.

मी बोटाने दाबून बघितलं. दबला नाही. जागाही बरोबर सुटली होती, रॅमच्या वर दोन बोटं. अकरा वर्षांत मला ही युक्ती सुचली नव्हती. मी दर वेळी आकड्यांवरून काम करतो आणि दहात एकदा तोंडघशी पडतो. “छंद चांगला आहे,” एवढं बोलून मी निघालो. गाडीत बसलो, बाहेर शून्याखाली वीस होतं, आणि मी हीटर लावायचाही विसरलो.

मंगळवारी यादी आली. पाठवली लिनियाने, पण हात कर्टिसचा आहे हे पहिल्या ओळीवरूनच दिसत होतं. प्रत्येक वस्तूसमोर लांबी, रुंदी, जाडी. कोणती वस्तू कशाला टेकते आणि मध्ये किती जागा उरते. लायब्ररीतला माणूस, पुस्तकांना नंबर घालतो तसे पंख्यांना घातलेले. मी कॉफी घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, मी ती यादी वाचायला बसलोच नव्हतो. मी चूक शोधायला बसलो होतो.

कार्डाची लांबी बघितली, बरोबर. कार्डावरचा ठोकळा नेमका त्याच बोर्डाचा, आवृत्तीच्या आकड्यासकट. रॅम बुटकी. नळ्यांची आतली आणि बाहेरची मापं जोडण्यांशी जुळणारी. जोडण्या मोजल्या, लागतात त्यापेक्षा दोन जास्त. पाणी काढून टाकायला खाली झडप, आणि ती तर भले भले विसरतात. वीजपुरवठ्याला पुरेशी सवड. दर ओळीला माझा जीव जळत होता. हा माणूस सहा महिन्यांपूर्वी कीबोर्डमधले पावाचे कण चिमट्याने काढायचा, आणि माझ्या मुलीसाठी त्याने अशी यादी केली, जिच्यात मला बोट ठेवायला जागा सापडेना.

मग अठरावी ओळ आली. रेडिएटर.

नाव वाचलं आणि मी कॉफीचा कप खाली ठेवला. तो रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा होता. यादीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. विक्रीच्या पानावरही ते अगदी तळाला, बारीक अक्षरात असतं. मापं तंतोतंत जुळत होती. पण प्रोसेसरवरचा आणि कार्डावरचा, दोन्ही ठोकळे तांब्याचे. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ठेवलं की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू झिजतं. त्याची गढूळ बुरशीसारखी घाण होते, ती पाण्याबरोबर फिरते आणि ठोकळ्यातल्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसते. सहा महिने काही कळत नाही. मग एक दिवस मशीन तापतं, किंवा गळतं. माझा धंदा बॉयलर दुरुस्तीचा. लोकांच्या तळघरांतले सडलेले पाईप बघण्यात माझं आयुष्य गेलं. दोन धातू एका पाण्यात घालू नका, हे मी झोपेतसुद्धा बडबडत असेन.

मला आनंद झाला. मुलीच्या यादीत तिचं सगळं मशीन नासवणारी चूक सापडली आणि बापाला आनंद झाला, हे लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. पुठ्ठ्याला धातूची जात कळत नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बॉइडने विषय काढला. बॉइड माझा कामातला जोडीदार. जीभ सैल आणि मन साफ.

“पोरीची यादी बघितलीस?”

“बघितली.”

“मग?”

“ठीक आहे.”

बॉइडने गाडी हळू केली आणि माझ्याकडे बघितलं. “तू ‘ठीक आहे’ म्हणालास? तब्येत बरी आहे ना? गेल्या वर्षी माझी यादी तू तीनदा परत केली होतीस. एकदा तर रंगावरून.”

“एक रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आहे.”

“मग सांग की तिला.”

“सांगणार आहे. शनिवारी. बांधायला बसू तेव्हा.”

“तेव्हा कशाला? तेव्हा पार्सल येऊन पडलेलं असेल.”

मी काचेतून बाहेर बघत राहिलो. बॉइड मूर्ख नाही.

“त्याला तोंडावर पाडायचंय तुला,” तो म्हणाला. “लाइल, तू पन्नाशीचा आहेस. तो बिचारा लायब्ररीवाला आहे. त्याने तुझं काय घोडं मारलंय?”

“तू रस्ता बघ,” मी म्हणालो.

काय घोडं मारलं होतं ते मला नीट सांगता आलं असतं, पण बॉइडला नाही. लिनियाच्या व्हायोलिनच्या कार्यक्रमांना तो पहिल्या रांगेत बसायचा. मी यायचो तोवर टाळ्या संपलेल्या असायच्या, कारण थंडीत लोकांचे बॉयलर बंद पडतात आणि कार्यक्रम नेमके थंडीत असतात. तिला दात काढताना भूल दिली होती, तेव्हा जागी होऊन तिने त्याचं नाव घेतलं होतं, हे मला कॅरिनने सहज म्हणून सांगितलं. ते सगळं मी गिळलं. म्हटलं, असू दे, मशीन बांधायचं काम तर माझ्याकडेच येईल. ते ज्या दिवशी येईल, त्या दिवशी ती माझ्याकडेच बघेल. आणि त्याने पुठ्ठा कापला.

त्या संध्याकाळी मी लिनियाला लिहिलं, ‘छान. सगळं बसतंय.’ आणि नियमाप्रमाणे खाली नाव टाकलं, लाइल.

माझा बेत साधा होता, आणि माझ्या मते त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. शनिवारी कर्टिस खोक्यातून रेडिएटर काढेल. मी तो हातात घेईन, उलटा करीन, वजन बघितल्यासारखं करीन. मग अगदी शांतपणे म्हणेन, कर्टिस, हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे रे. त्याचा चेहरा पडेल, लिनियाचाही पडेल. आणि मी गाडीत जाऊन माझ्याकडचा त्याच मापाचा तांब्याचा रेडिएटर घेऊन येईन. मी तो बुधवारी रात्रीच गाडीत ठेवला होता, जुन्या चादरीत गुंडाळून. आधी नाव का टाकलंस असं तिने विचारलं, तर म्हणणार होतो, मापं बघितली गं, धातू बघायचा राहिला, म्हातारा झालो. त्यावर सगळे हसतील. तिथवर मी सगळं ठरवून ठेवलं होतं.

लिनियाचं उत्तर आलं, ‘ओके. थँक्स, डॅड.’ एरवी ती पुढे चार हसरे चेहरे चिकटवते. तिच्या परीक्षा जवळ आल्या असतील असं मला वाटलं.

शनिवारी चर्चमधल्या मंडळाला दांडी मारून मी दहाला कॅरिनच्या घरी पोचलो. टेबलावर टॉवेल अंथरलेला, खोकी ओळीने लावलेली. कॅरिन ओव्हनमध्ये बटाटे-खिम्याची हॉटडिश घालत होती. “दुपारी जेवूनच जा,” ती म्हणाली. कर्टिसने कॉफी ओतली. त्याने माझ्यासाठी खुर्ची लिनियाच्या उजव्या हाताला ठेवली होती आणि स्वतः पलीकडे, खोकी उघडायला बसला होता. हेही मला खुपलं. माझी जागा देणारा हा कोण.

“डॅड, तू हे धर,” लिनिया म्हणाली आणि माझ्या हातात मदरबोर्डची पिशवी दिली. ती आज जरा गप्प होती. मी म्हटलं, पहिलंच मशीन आहे, धास्ती असणार.

पुढचा तासभर मी एकाच खोक्याची वाट बघितली. प्रोसेसर बसला. रॅम बसली. कर्टिस एकेक पुडकं उघडायचा, कागदावर खूण करायचा, लिनियाकडे सरकवायचा. तिचे हात न अडखळता चालत होते. ठोकळ्याखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट तिने वाटाण्याएवढी टाकली, ना जास्त ना कमी. मी दोनदा “अस्सं” म्हणालो. तिने दोन्ही वेळा मान डोलावली आणि काम चालू ठेवलं. माझं लक्ष त्या लांबट खोक्याकडे होतं.

शेवटी कर्टिसने ते ओढलं. चिकटपट्टी कापली. आतला फोम काढला आणि रेडिएटर दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला. “हा तू दे तिला, लाइल. मोठा मान आहे.”

मी तो घेतला आणि माझे हात खाली गेले. जड होता. अ‍ॅल्युमिनियम इतकं जड नसतं. मी उलटा केला, पातळ पत्र्यांच्या फटीतून नखाने रंग किंचित खरवडला. आत लालसर धातू चमकला.

“हा तर तांब्याचा आहे,” मी म्हणालो.

“हो,” लिनिया म्हणाली.

“पण यादीत दुसरा होता. अ‍ॅल्युमिनियमचा.”

बोललो आणि मग कळलं मी काय बोललो ते. कर्टिसने हातातला फोम सावकाश टेबलावर ठेवला. लिनियाने पेचकस खाली ठेवला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे कॅरिनसारखे आहेत. त्यांच्यापुढे काही लपत नाही.

“म्हणजे तू वाचली होतीस,” ती म्हणाली.

“वाचली म्हणजे, नाव टाकलं ना मी.”

“मला वाटलं न वाचता टाकलंस. तीन दिवस मी या दोघांना सांगतेय, फेब्रुवारी आहे, बॉयलर बंद पडतायत, डॅडला कुठून वेळ मिळणार. मी तुझी बाजू घेत होते.” तिने पेचकसाने कर्टिससमोरचा यादीचा कागद दाखवला. “यादीतला तो रेडिएटर मी मुद्दाम घातला होता, मागवला तांब्याचाच.”

“मुद्दाम? कशासाठी?”

“तुला काहीतरी सापडावं म्हणून. त्या रविवारी तू पुठ्ठ्याकडे कसा बघत होतास ते दिसलं मला. एक अख्खी संध्याकाळ घालवली मी त्यात. उंच रॅम घातली असती तर ती चूक कुणालाही दिसली असती. मला अशी हवी होती, जी फक्त तुला दिसेल. दोन धातू एका पाण्यात घालू नका, किती वेळा ऐकलंय मी हे तुझ्याकडून. म्हटलं, अठराव्या ओळीला आलास की ओरडत फोन करशील. फोन हातात घेऊन बसले होते मी.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मी रेडिएटर अजून मांडीवर धरून होतो.

“लाइल, तुझ्या लक्षात नंतर आलं असेल,” कर्टिस म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, मऊ. “नाव टाकून झाल्यावर, रात्री वगैरे. होतं असं. आणि मग म्हटलं असशील, शनिवारी भेटतोच आहोत.”

तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. बाहेर पडायला त्याने दार उघडून धरलं होतं आणि मला फक्त “हो” म्हणायचं होतं. त्याच्यावर मी पुष्कळ गोष्टींसाठी जळलो आहे, पण त्या क्षणी जितका जळलो तितका कधी नाही. कारण मी त्याच्या जागी असतो तर हे केलं नसतं. त्याने पुढे केलेलं ते “हो” मला म्हणवेना.

“नंतर नाही,” मी म्हणालो. “पहिल्यांदा वाचतानाच दिसलं होतं. मंगळवारी.”

“मग सांगितलं का नाहीस?” लिनियाने विचारलं.

“कर्टिसची जिरावी म्हणून. म्हटलं, तुझ्यासमोर उघडं पडू दे त्याला. माझ्या गाडीत तांब्याचा एक ठेवलाय मी. तुझं नुकसान होऊ दिलं नसतं.”

कर्टिसने मान खाली घातली. वाईट वाटल्यासारखी नाही, दुसऱ्याच्या घरात चुकीच्या वेळी शिरलो असं वाटावं तशी. लिनिया मात्र माझ्याकडेच बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला काहीतरी समजत नव्हतं, आणि मग ते समजलं.

“कर्टिसची कशी जिरणार होती?” ती म्हणाली. “यादी माझी होती, डॅड. त्याने फक्त पुठ्ठा कापला. बाकी सगळं मी निवडलं. त्याला मी वाचून दाखवायचे आणि तो आकडे लिहून घ्यायचा.”

खालची झडप. दोन जास्तीच्या जोडण्या. बोर्डाच्या आवृत्तीचा आकडा. मंगळवारी रात्री दर ओळीला ज्यावर मी जळत होतो, ते सगळं माझ्या मुलीचं होतं, आणि ती हे माझ्याकडूनच शिकली होती. ती बिनचूक यादी वाचताना मला अभिमान वाटायचा होता. मी चूक सापडेपर्यंत दात-ओठ खात बसलो होतो.

“लिनिया,” मी म्हणालो.

“तुला कुठे कामावर जायचं असेल तर जा,” ती म्हणाली. “मला काही वाटणार नाही.”

“नाही. कुठे नाही जायचं.”

तिने हात पुढे केला. मी रेडिएटर तिच्या हातात दिला. तिने तो कॅबिनेटमध्ये वर सरकवला, एकट्याने, कोपर वर करून, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “कर्टिस, हे जरा धर ना. मी स्क्रू लावते.”